‘पुन्हा फुसका बार’ या मथळ्याबद्दल

सांगली, दि. ६ सप्टेंबर २०२२

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात आतल्या पानावर ‘नासाचा पुन्हा फुसका बार’ असा चार कॉलमी मथळा होता; नासाच्या आर्टेमिस या चंद्रमोहिमेच्या रॉकेटचं उड्डाण दुसऱ्यांदा थांबलं, त्याची ती बातमी. घरात गौरी जेवायच्या होत्या, पुरणाची डाळ शिजत होती, आणि मी पेपर हातात धरून ओसरीवर बडबडत होतो. बायको म्हणाली, “मला ऐकवून काय उपयोग? ज्यांनी छापलंय त्यांना लिहा.” पस्तीस वर्षं तुमचा पेपर घेतोय. अंक उशिरा आला म्हणून पोऱ्याशी भांडलोय, पण संपादकांना पत्र हे पहिलंच. काल गौरी पाण्यात सोडल्या, आज लिहायला बसलोय.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे ‘हा कोण टिकोजीराव’ असं वाटायला नको. मी शास्त्रज्ञ नाही. आयटीआय केलं आणि तासगाव रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये एकतीस वर्षं अमोनिया प्लँटचा ऑपरेटर होतो. बागाईतदारांचा बेदाणा थंड ठेवायचा, हे काम. रॉकेटशी माझा संबंध एवढाच की दोन्हीकडे काहीतरी फार थंड असं पाइपातून खेळवायचं असतं, आणि ते जिथे जोड दिसेल तिथून बाहेर यायला बघतं.

शनिवारची गोष्ट. दोन वर्षं कोरोनात मंडळाचा मांडव म्हणजे नुसता नारळ आणि चार माणसं. यंदा पोरांना काय करू आणि काय नको झालेलं. त्यात आमच्या गल्लीत पाच-सहा जण या चंद्राच्या नादाचे. एक वालचंद कॉलेजात मेकॅनिकल शिकतोय, एक निवृत्त विज्ञान शिक्षक, एक ट्रकच्या बॉड्या बांधणारा, माझी सातवीतली नात आणि मी. २९ ऑगस्टला सोमवारी संध्याकाळी सहा वाजून तीन मिनिटांनी आर्टेमिसचं रॉकेट उडणार होतं, तेव्हा आम्ही एका मोबाइलभोवती डोकी घालून बसलो होतो. ते थांबलं. पुढची वेळ लागली शनिवारी ३ सप्टेंबरला, आपल्याकडे रात्री ११ वाजून ४७ मिनिटं. मग ठरलं, गणपतीसमोर पडदा लावायचा. दहानंतर स्पीकर बंद, पण पडदा बघायला आवाज कशाला लागतोय? प्रोजेक्टरवाल्याला सांगितलं, सतरंज्या काढल्या, रात्री भूक लागेल म्हणून चिवड्याचा डबा आला.

संध्याकाळी घरी गौरी आल्या होत्या. भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला, हात धुतले आणि मी मांडवात. आकाशात ढग बाजूला झाले की बरोबर अर्धा चंद्र दिसायचा, नैऋत्येला कललेला. बुधवारी चतुर्थीला नातीला वर बघू दिलं नव्हतं, त्यामुळे तिने तीन दिवसांची थकबाकी वसूल केली. पावणेनऊ वाजून गेले असतील. वालचंदवाला फोन हातात घेऊन आला आणि म्हणाला, “काका, कॅन्सल.”

पुढचा अर्धा तास गल्लीत जे झालं ते तुमच्या मथळ्यासारखंच झालं. एक जण म्हणाला, पंक्चर काढायला आमच्या चौकातल्या पोराला अमेरिकेला पाठवा. दुसरा म्हणाला, आमची बुलेटसुद्धा दोन किकमध्ये लागते. प्रोजेक्टरवाला म्हणाला, रॉकेट उडो न उडो, भाडं ठरल्याप्रमाणे. (दिलं.) मी घरी आलो तर बायको म्हणाली, “गौरी तर वेळेवर आल्या. तुमचं रॉकेट कुठे अडकलं?” यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मांडवात बसून माणूस असंच बोलतो. पण पेपरने तेच बोलणं चार कॉलममध्ये छापलं की ते वेगळं होतं.

शिवाय बातमीत एक चूक आहे. ‘रॉकेटच्या टाकीला गळती’ असं लिहिलंय. टाकी गळत नव्हती. जमिनीकडून रॉकेटमध्ये द्रव हायड्रोजन भरणारी आठ इंची नळी असते, ती रॉकेटच्या पायथ्याशी ज्या जोडाने बसते तो जोड गळत होता. हा जोड फार अवघड वस्तू आहे. आपल्या गॅसच्या शेगडीचा रेग्युलेटर घट्ट बसला की काम झालं. या जोडाने तासन् तास घट्ट बसायचं आणि रॉकेट हललं की त्या क्षणी, न अडता, सुटायचंही. आणि हे सगळं उणे २५३ अंशाला. त्या एका टाकीत वीस लाख लिटर हायड्रोजन मावतो. दुधाचा मोठा टँकर वीस हजार लिटरचा धरा, म्हणजे शंभर टँकर.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. प्लँट गरम असताना टेस्ट घेतली की सगळे फ्लँज, म्हणजे पाइपांचे जोड, कसे कोरडे ठणठणीत असतात. तुम्ही खूष. मग गॅस सोडला, पाइप गार पडला, त्यावर पांढरा बर्फ धरला की बोल्ट आकसतात, गॅस्केट आकसतं, आणि जो जोड सकाळी शहाणा होता तो रात्री फुरफुरायला लागतो. गारठ्यातली गळती गारठ्याशिवाय सापडत नाही. आमच्या अमोनियाला निदान वास तरी असतो. नाकाला झोंबला की मेलेला माणूसही उठून पळेल. जागा नक्की करायची तर गंधकाची काडी पेटवून जोडापाशी न्यायची, पांढरा धूर झाला की तिथेच आहे. हायड्रोजनला ना वास ना रंग, आणि पेटला तर दिवसाउजेडी ज्वालाही धड दिसत नाही. सगळी भिस्त यंत्रावर. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या वर गेलं की तो पेट घेऊ शकतो. शनिवारी तिथे दोन-तीन पट भरत होतं.

त्यांनी लगेच हात वर केले असंही नाही. जोड थोडा गरम होऊ द्यायचा, पुन्हा गार करायचा, म्हणजे सील आपल्या जागी बसेल, हे करून बघितलं. हेलियमचा दाब देऊन बघितला. पुन्हा पहिला उपाय. तीन वेळा. आम्ही अशा वेळी पाना घेऊन बोल्टला अर्धा आटा मारतो; तिथे भरत्या रॉकेटजवळ कोण जाणार? मग लाँच डायरेक्टर बाईंनी, चार्ली ब्लॅकवेल-थॉम्पसन त्यांचं नाव, थांबा म्हणून सांगितलं. त्याच दिवशी नासाने हेही सांगून टाकलं की सकाळी एका चुकीच्या कमांडमुळे त्या नळीत थोडा वेळ ठरल्यापेक्षा जास्त दाब गेला होता. त्यानेच सील बिघडलं का ते अजून बघताहेत. आमच्याकडे कुणी असलं कबूल केलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर थांबवला असता.

हे मी उगाच म्हणत नाही. १९९६ सालचा एप्रिल. सीझन भरात, चेंबर छतापर्यंत भरलेले. रात्रपाळीला डिस्चार्जचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा एकाएकी नको तिथे चढला. मी कॉम्प्रेसर बंद केला, मालकांना उठवलं, मेकॅनिक मिरजेहून येईपर्यंत सकाळ झाली. निघालं काय, गेज खराब. प्लँट ठणठणीत होता. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, “काटा बघून प्लँट बंद करतोस, उद्या घड्याळ बंद पडलं तर जेवायचा थांबशील काय?” सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून माझं नाव ‘ब्रेकवाला’ पडलं. हमालांपासून बागाईतदारांपर्यंत सगळे त्याच नावाने हाक मारायचे.

२९ ऑगस्टला पहिल्यांदा थांबले तेव्हा रॉकेटच्या तिसऱ्या इंजिनाचंही तसंच झालं. इंजिन सुरू करण्याआधी पुरेसं गार झालं पाहिजे; चारातली तीन होत होती, तिसऱ्याचं तापमान उतरेना. नंतर त्यांचीच माणसं म्हणाली की इंजिन बहुधा गार झालं होतं, सेन्सर खोटं बोलत असावा. हे वाचलं आणि मला माझं गेज आठवलं. त्यांना तिथे कुणी ब्रेकवाला म्हटलं की नाही, ठाऊक नाही.

ब्रेकवाल्याची पुढची गोष्ट ऐका. पुढच्याच वर्षी, मार्चमध्ये, दोन नंबरच्या कॉम्प्रेसरला शाफ्ट सीलपाशी बारीक वास यायला लागला. गंधकाची काडी नेली तर धुराची एक रेघ, नसल्यासारखी. आदल्या वर्षी मी तिथेच बटण दाबलं असतं. या वेळी मनात आलं, एवढ्यासाठी बंद केला तर पुन्हा सगळे हसतील. सकाळी पाळी बदलताना बघू. पहाटे तीनच्या सुमाराला सील गेलं. अठरा वर्षांचा हेल्पर तिथे तेल बघायला वाकला होता. त्याला ओढून पाण्याच्या टाकीवर नेला, अर्धा तास डोळ्यांवर पाणी मारलं. डोळे वाचले, पण उजव्याने त्याला आजही धूसर दिसतं. आता त्याची स्वतःची दोन एकर द्राक्षबाग आहे, दर वर्षी एक पेटी घरी आणून देतो आणि त्या रात्रीचं कधी बोलत नाही. मालकांनी दवाखान्याचा सगळा खर्च केला, माणूस वाईट नव्हता. बटणावर हात माझा होता.

म्हणून मला तो मथळा लागला, संपादकसाहेब.

१९८६ सालच्या जानेवारीत मी आयटीआयला होतो, तेव्हा नासाचं चॅलेंजर हे स्पेस शटल फुटल्याची बातमी पेपरात आली होती. त्या शटलचं उड्डाणही अनेकदा पुढे गेलं होतं. आदल्या दिवशी, २७ तारखेला, अंतराळवीर आत जाऊन बसले आणि दाराचं हँडल निघेना. बोल्ट अडकलेला, कापायला ड्रिल आणलं तर त्याची बॅटरी उतरलेली. ते होईपर्यंत वारा सुटला आणि तोही दिवस गेला. ‘फुसका बार’ म्हणायला यापेक्षा चांगली संधी नाही! त्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते की उद्या फार थंडी आहे, जोडातल्या रबरी रिंगा कडक होतील, सोडू नका. त्यांचं चाललं नाही. २८ तारखेला हवा दोनेक अंशांवर असताना सोडलं. ७३ सेकंद. सात माणसं. तिथेही जोड, तिथेही सील, तिथेही गारठा. आज नासाची ह्यूस्टन-फ्लोरिडाकडची माणसं हायड्रोजनच्या जोडाला भितात ती कशाला भितात, हे त्यांच्या घरातलं दुःख आहे.

यावर ते निवृत्त शिक्षक मला म्हणाले, “अहो, पण या वेळी आत माणूसच नाही. पुतळा बसवलाय.” खरं आहे. मुख्य खुर्चीत ‘मूनिकिन कॅम्पोस’ नावाचा पुतळा आहे, वाटेत बिघडलेलं अपोलो १३ हे चंद्रावर निघालेलं यान सुखरूप परत आणायला ज्यांनी हातभार लावला त्या इंजिनिअरचं आडनाव त्याला दिलंय. बरोबर आणखी दोन अर्धपुतळे, किरणोत्सार मोजायला. पुतळ्याचं काय जातंय, द्या सोडून, असं सर म्हणाले. पण सर, याच्या पुढच्या फेरीत याच जातीच्या रॉकेटवर चार जिवंत माणसं बसायची आहेत. जोड आज नीट केला तर केला. चंद्रावर शेवटची माणसं डिसेंबर १९७२ मध्ये चालली. पन्नास वर्षं थांबलोय तिथे पन्नास दिवसांनी काय बिघडतंय?

आणि आपल्या इस्रोचं काय? मार्च २००१ मध्ये जीएसएलव्ही या रॉकेटचं पहिलं उड्डाण निघायला एक सेकंद असताना संगणकाने थांबवलं, एका बाजूच्या इंजिनात जोर भरला नव्हता. तीन आठवड्यांनी, १८ एप्रिलला ते उडालं. ऑगस्ट २०१३ मध्ये पुन्हा जीएसएलव्ही, ७४ मिनिटं राहिली होती, दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना दिसलं. थांबवलं, टप्पाच नवा बनवला, आणि ५ जानेवारी २०१४ ला आपलं स्वतःचं क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणारं, इंजिन पहिल्यांदा यशस्वी झालं. आणि चांद्रयान-२! १५ जुलै २०१९, पहाटे २ वाजून ५१ मिनिटांचं उड्डाण. मी आणि नात, तेव्हा ती चौथीत, उश्या मांडीवर घेऊन टीव्हीपुढे. ५६ मिनिटं २४ सेकंदांवर घड्याळ थांबलं. ती रडली. दुसऱ्या दिवशी तुमच्याच अंकात मथळा होता, ‘इस्रोचा सावध पवित्रा’. नात चंद्राची कात्रणं एका जुन्या वहीत चिकटवते, त्यात ते आहे. रविवारचं कात्रण तिने त्याच्या समोरच्या पानावर चिकटवलं आणि मला विचारलं, “आजोबा, आपलं थांबलं की सावध आणि त्यांचं थांबलं की फुसका, असं का?” मी तिला म्हटलं, विचारून सांगतो.

तेच यान आठवड्यात, २२ जुलैला दुपारी पावणेतीनच्या आत, सुरळीत गेलं. पुढचं सांगलीकरांना सांगायला नको. यान चंद्राच्या वाटेवर होतं आणि आम्ही आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराचा आकडा बघत होतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ ला पाणी जिथवर आलं होतं ती भिंतीवरची रेघ आमच्या गल्लीत प्रत्येकाला पाठ होती, तिच्या वर पाणी जाणार नाही असा सगळ्यांचा हिशेब. त्याआधी एकदा प्रशासनाने लवकर हलवलं होतं आणि पाणी पायरीवरून परत गेलं, तेव्हा तलाठ्याला किती शिव्या घातल्या होत्या! त्यामुळे २०१९ ला निम्मी गल्ली ‘बघू सकाळी’ म्हणत बसली. पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आम्हाला होडीतून काढलं. २० ऑगस्टला चांद्रयान चंद्राच्या कक्षेत शिरलं तेव्हा मी विश्रामबागेत मेहुण्याकडे राहून रोज घरातला गाळ उपसायला येत होतो, आणि ती बातमी मी फावड्यावर हात ठेवून ऐकली.

नासावर टीकाच करू नका असं माझं म्हणणं नाही. हे रॉकेट २०१६ अखेर तयार व्हायचं होतं, सहा वर्षं उशीर झालाय. एका उड्डाणाचा खर्च चार अब्ज दहा कोटी डॉलर असल्याचं त्यांच्याच महानिरीक्षकांनी म्हटलंय. रुपयात बत्तीस हजार कोटींच्या वर. इंजिनं जुन्या स्पेस शटलची वापरायची आणि तरी एवढा खर्च कसा, यावर आठ कॉलमी लिहा, मी कात्रण कापून ठेवीन. तो ठोकायचा मुद्दा आहे. शनिवारी रात्री एका बाईंनी थांबा म्हटलं, हा नाही.

दोन विनंत्या आहेत. एक, टाकी नव्हे, भरण्याच्या नळीचा जोड, अशी दुरुस्ती छोट्या अक्षरात का होईना, छापावी. दुसरी जरा स्वार्थाची. रॉकेट आता कदाचित पॅडवरून परत शेडमध्ये न्यावं लागेल, आणि पुढची संधी १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर अशी आहे म्हणतात. समोरचे बापू म्हणतात, निम्मा काळ पितृपक्षात जातोय, तेव्हा कोण शुभकार्य काढतंय, घटस्थापनेनंतरचंच धरा. त्यांचं ते असो. तारीख नक्की झाली की ती भारतीय वेळेसह पहिल्या पानावर, दोन दिवस आधी छापा. परवा तुमच्याकडे वेळ अमेरिकेची छापली होती आणि गल्लीतले चार जण दुपारी सव्वादोनला येऊन सतरंजीवर बसले होते. आणि नवरात्रात प्रोजेक्टर मिळत नाही. आमच्या माणसाला आत्ताच सांगून ठेवलंय, पण तो म्हणतो, या वेळी ॲडव्हान्स द्या, रॉकेटवाल्यांचा भरवसा नाही.

कळावे.

आपला,
एक निवृत्त अमोनिया ऑपरेटर, गावभाग, सांगली

(जुने मालक याच गावात असतात, सकाळी फिरताना भेटतात आणि तुमचाच पेपर वाचतात. कृपया नाव छापू नये.)